वामनरावांचे ओठ

नागपूर, २ सप्टेंबर २०२४

खुशालभाऊ,

तू माहा नंबर ब्लॉक केला, म्हून हे पत्र. पोस्टमनले ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, तवरोक वाचून घे.

मागच्या वर्षी मे महिन्यात तामसीले माह्या लग्नाचं शूटिंग तू केलं. चुलतभाऊ हाये, इचोड्याले हायवेवर मोठा स्टुडिओ हाये, असं म्हून सगळ्यांनी तुलेच धरलं. फिल्म आली, मी एकदा पाह्यली आणि कपाटात टाकली. या जानेवारीत बाबा गेले. त्याच्यानंतर ती पुन्हा काढून पाह्यली, कारण त्याच्यात बाबा हायेत.

पाठवणीच्या वेळी बाबा तुह्या कॅमेऱ्याकडं पाहून काहीतरी बोलते. ओठ चांगले हालून राह्यले. पण आवाज नाही, कारण तू सगळ्यावर गाणं टाकलं. गाण्याचं जाऊ दे, खाली तू सोनेरी अक्षरात लिहिलं : 'सुखी राहा बाळा.' भाऊ, वामनराव नावाच्या माणसाले तू कधी पाह्यलं होतं का? त्यांनी जनमात कोणाले बाळा म्हटलं नाही. बैलाले बी नाही.

करणशीच लग्न करीन म्हटलं तेव्हापासून पुरं वर्ष बाबा माह्यासंगं बोलले नव्हते. लग्नात आले ते लोकायसाठी, असं मले वाटते. पाठवणीले मी गाडीत बसली होती, मान खाली होती, अंगावर बँड वाजून राह्यला होता. मले काई ऐकू आलं नाही. नंतर त्यांनी फोन उचलला नाही, आणि मंग राह्यलेच नाही. ते तेव्हा काय बोलले, एवढंच मले पायजे. शिव्या देल्या असतीन तं शिव्या पायजे.

तू म्हनशीन, आवाजच नाही तं कसं समजीन. आपली जयवंताआत्या तीस वर्षं आदिलाबादच्या जिनिंगात होती. कपाशीच्या त्या मशिनीच्या आवाजात बाया ओठावरूनच बोलत, आणि त्याच आवाजात तिचे कान गेले. आता ती सगळ्यायचं ओठावरूनच वाचते. बाबा तिचा सख्खा भाऊ. मी पेनड्राइव्ह घेऊन तामसीले गेली, टीव्हीवर लावलं. आत्या चष्मा पुसून पुसून पाहे. शेवटी म्हने, "बोलता बोलता ओठ अडकून राह्यले वं. याले काय उचकी लागली का?"

तवा गाणं, सोनेरी अक्षर आणि ते स्लो-मोशन काढून तेवढा तुकडा मले पाठव. जसा कॅमेऱ्यातून निंगाला तसा.

चंदा

•

इचोडा, ९ सप्टेंबर

चंदाले खुशालचा आशीर्वाद (मोठा हाये म्हून देऊन राह्यलो, मन होतं असं नाही),

नंबर ब्लॉक काऊन केला हे तुलेच माहीत हाये. ज्या माणसाले तू फोनवर 'लग्नाचा फोटोकापी मशीन' म्हनते, त्यानं तुहा फोन कायले उचलावा?

आता ऐक. ज्याले तू आणि आत्या उचकी म्हनता, त्याले आमच्या लाइनीत सिनेमॅटिक लूक म्हनते. बाकीचे शूटिंगवाले सेकंदाले पंचवीस नाही तं पन्नास चित्र काढते, म्हून त्यायचं काम टीव्हीवरच्या बातम्यायसारखं दिसते. मी चोवीस काढतो. मोठ्या पडद्यावरचा सिनेमा चोवीसनंच चालते. हैदराबादले तीन दिवसाचं वर्कशॉप करून आलो मी, सर्टिफिकेट भिंतीवर लावेल हाये. चोवीसमधी थोडा झटका असतेच. तीच त्याची शान. जिनिंगातल्या बाईले ते समजीन अशी माही अपेक्षा नाही, तुही बी नाही.

अक्षरायचं म्हनशीन, तं फिल्ममधी असं वाचून निम्म्या बाया रडते. लग्नाच्या फिल्ममधी बाप काय बोलला याले महत्त्व नसते, काय बोलायले पायजे याले असते. आणि आवाजाचं म्हनशीन तं माइक मी बंदच ठेवतो. बँडचा धिंगाणा रेकॉर्ड करून कोणाले ऐकवू?

कच्चा माल आमी कोणाले देत नाही, हा धंद्याचा नियम हाये. तरी घरची पोरगी म्हून तुह्या दरखास्तीवर विचार केला. गाणं, अक्षर, स्लो-मोशन सगळं काढून तेवढा तुकडा नव्यानं बनवून पेनड्राइव्हमधी टाकला, नागपूरच्या बसमधी देतो. दिवाळीनंतर सीझन लागते, तेव्हा जुन्या लग्नायची डिस्क मी पुसतो. काई लागत असन तं तेच्या आधी सांग, आणि नीट भाषेत सांग.

खुशाल

•

नागपूर, १६ सप्टेंबर

खुशालभाऊ,

पेनड्राइव्ह भेटला. त्याच उचक्या हायेत. गाणं गेलं म्हून आता जास्तच दिसते.

मी सर्टिफिकेट नाही घेतलं. पण पॅथॉलॉजीत नऊ वर्षं झाले स्लाइडवरच्या पेशी मोजून राह्यली, मोजायची सवय हाये. रविवारी बसली आणि तुहा तुकडा बटन दाबून एकेक चित्र पुढं सरकवत पाह्यला. पहिलं चित्र वेगळं. दुसरं वेगळं. तिसरं, चौथं वेगळं. पाचवं? चौथंच, पुन्हा. मंग चार नवे, आणि पाचवं पुन्हा जुनं. शेवटपर्यंत तसंच. तीन कागद भरले माहे.

एका सेकंदात तीस चित्र निंगाले, आणि त्यातले सहा खोटे. म्हनजे तुह्या कॅमेऱ्यानं चोवीस काढले आणि तू ते तीसच्या खोक्यात भरले. सहा जागा रिकाम्या राह्यल्या, तं कॉम्प्युटरनं आधीचेच सहा पुन्हा डकवले. सेकंदाले सहा वेळा माह्या बापाचे ओठ जागच्या जागी थांबवून ठेवले तू, आणि त्याले शान म्हनतं! तुह्या सर्टिफिकेटवर तारीख कोणती हाये, तेवढं पाहून घे. जेवायच्या सुट्टीत देलं असन ते.

करणनं बी विचारून पाह्यलं, त्याच्या ऑफिसात एक जण एडिटिंग करते. तो हसला. म्हने, प्रोजेक्ट चोवीसचं कर, अजून काई नको. पाच मिनिटाचं काम हाये.

पाच मिनिटं, भाऊ.

चंदा

•

इचोडा, २१ सप्टेंबर

चंदा,

मी तुह्या लॅबमधी येऊन रक्ता-लघवीच्या बाटल्या कशा हालवायच्या हे शिकवलं का कधी? मंग तू मले कायले शिकवून राह्यली? कॉम्प्युटरमधी माहं प्रोजेक्ट चार वर्षांपासून सेट हाये. टायटल, फुलं, पालखी, घोडा, सगळं त्याच्यात बसवेल हाये. नवं लग्न आलं की फक्त नवरा-नवरी बदलतो. दीडशे लग्न झाले त्याच्यावर. भीमपूरपासून उटनूरपर्यंत एका माणसानं म्हटलं नाही की खुशालभाऊ, नवरदेवाले उचकी लागली. आणि एका बहिऱ्या म्हातारीच्या भरवशावर मी दीडशे लग्न चुकले म्हनू?

नवऱ्याच्या ऑफिसातला हसला म्हनतं. हसू दे. त्यानं मे महिन्यातल्या बारा वाजताच्या उन्हात हातात तीन किलोचा कॅमेरा घेऊन उलटं चालून दाखवावं.

या विषयावर माहं हे शेवटचं पत्र. डिस्कचं मी सांगतलंच हाये.

खुशाल

•

नागपूर, २५ सप्टेंबर

खुशालभाऊ,

तुले वाटते मी तुही चूक काढायले बसली. तुह्या चुका काढायले मले जनम पुरणार नाही, आणि मले हौसबी नाही.

सांगायचं नव्हतं, पण सांगा लागते. करणचं नाव घरात काढलं त्या दिवशी बाबा मले म्हटले होते, "तू मले मेली." बस, तेवढंच. त्याच्यानंतर वर्षभर एकाच घरात राहून माह्याशी अक्षर बोलले नाही. जेवाले वाढलं तं जेवत, नाही वाढलं तं मागत नव्हते. त्या माणसानं वर्षानंतर पहिल्यांदा तोंड उघडलं, तेबी माह्या पाठवणीले, आणि मंग मरेपर्यंत पुन्हा उघडलं नाही. मले भेव वाटते की त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं असन. रोज वाटते. भाजी चिरतानी वाटते, सुई लावतानी वाटते. तेच असन तं असू दे, पण मले माहीत पायजे. आणि ते तुह्या डिस्कमधी पडून हाये, आणि तू दिवाळीनंतर त्याच्यावर दुसऱ्याचा घोडा नाचवशीन.

तू तिले बहिरी म्हातारी म्हटलं, ते मी आत्याले सांगतलं. फोनवर नाही, व्हिडिओ कॉल करून, तोंडानं. तिनं वाचलं. आता पुढच्या गुरुवारी ती स्वतः येऊन राह्यली तुह्याकडं. तामसीहून आदिलाबाद, आदिलाबादहून इचोडा, दोन बसा बदलून, बासष्ट वर्षाची बाई. तिले हाकलायचं असन तं तोंडावर हाकल, पण हळू बोल. तू बोलशीन ते तिले दिसते.

चंदा

•

इचोडा, ५ ऑक्टोबर

चंदा,

आत्या आली होती. गुरुवारी सकाळी शटर उघडलं तं पायरीवर बसेल होती. मी म्हटलं, आत्या, चाय घेतं का? ती म्हने, "बहिरी म्हातारी चाय पेते, आण." मले कुठं तोंड लपवू असं झालं. मंग आत खुर्चीवर बसली आणि म्हने, "लाव माह्या भावाले."

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. तू हसशीन, हास.

आधी माह्या प्रोजेक्टची सेटिंग उघडली. तीस. चार वर्षांआधी पहिलं लग्न कोण्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर घेतलं होतं, तेव्हाची. मी नवा कॅमेरा घेतला, चोवीस करून शान मारत फिरलो, आणि ते खोकं कधी बदललंच नाही. दीडशे लग्न. दीडशे नवरदेव उचक्या देत मंडपात गेले आणि एकानंबी सांगतलं नाही, कारण लग्नाची फिल्म कोणी पाहतच नाही, हे मले त्या दिवशी समजलं.

नवं प्रोजेक्ट घेतलं, चोवीसचं. त्याच्यात कॅमेऱ्यातला मूळ तुकडा टाकला. तरी अडके. आत्या म्हने, "आता तं अजूनच थांबून थांबून चालते." ते माह्या कॉम्प्युटरचं दुखणं होतं. मूळ तुकडा जड, त्याले ओढल्या जात नव्हता, म्हून मधले चित्र गाळत होता. त्याची एक हलकी कापी बनवली, तेवढ्या वेळात आत्यानं भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचलं. म्हने, "हे कायचं हाये?" मी म्हटलं, काई नाही.

हलकी कापी लावली, मोठ्या टीव्हीवर. आता चित्र पडत नव्हते, पण आत्या मान हालवे. "जराशी लचकते अजून." मले काई दिसे ना. मले राग आला, पण तुहे तीन कागद आठवले म्हून शोधत बसलो. टीव्ही सेकंदाले साठ वेळा चित्र काढते. चोवीस चित्र साठ जागेत सारखे वाटल्या जात नाहीत, म्हून तो एक चित्र दोनदा दाखवते, दुसरं तीनदा. त्याले चोवीसवर चालवायची सोय त्याच्याच सेटिंगात होती. टीव्ही घेऊन मले तीन वर्षं झाले, तिथं कधी गेलोच नव्हतो. ती सोय चालू केली आणि आत्यानं हात वर केला. म्हने, "हां. आता माणूस चालते तसा चालला."

एक गोष्ट कशानंच नीट झाली नाही. भर उन्हात मी कॅमेऱ्याचं शटर हजाराच्या वर ठेवलं होतं, म्हनजे एकेक चित्र सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात. काच काळी करायची फिल्टर लावायले पायजे होती, लावली नाही. त्याच्यानं एकेक चित्र सुरीवानी धारदार आलं आणि हालचाल तुटक दिसते. ती चूक कच्च्या मालातच हाये, आता काई करता येत नाही. पण आत्या म्हने ते बरं झालं. एकेक दात दिसून राह्यला म्हने. माह्या सगळ्या कामात तेवढंच तिच्या कामी आलं.

मंग तिनं पाह्यलं. 'पुन्हा लाव' म्हने. मी लावलं. पुन्हा. पुन्हा. सात-आठ वेळा झालं. ती स्वतःचे ओठ बी हालवून पाहे, काकायसारखे. मी वही घेऊन बसलो होतो. मले अजूनबी वाटत होतं की 'सुखी राहा' सारखंच काहीतरी निंगन, आणि माहं सोनेरी अक्षर खरं ठरन.

चंदा, मनात आलं होतं की दुसरं काहीतरी लिहून पाठवावं. पण आत्या किती जोरात बोलते तुले माहीत हाये. तिनं सांगतलं ते बाजूच्या ढाब्यावरच्या ट्रकवाल्यायनं बी ऐकलं. आणि ती तुलेबी सांगीनच.

वामनकाका तुह्याशी बोलत नव्हते. माह्याशी बोलत होते. आत्यानं वाचलं ते असं :

"बाजूले हो ना बे, खुशाल. माही पोरगी दिसून नाही राह्यली. गाडी जाईन ना. हो ना बाजूले, पाहू दे मले."

मी उलटा चालत होतो. काका समोर, गाडी माह्या पाठीमागं. बँडमधी मले काई ऐकू आलं नाही. मले वाटलं म्हातारा म्हनून राह्यला, शूटिंग चांगलं कर. मूळ तुकडा जिथं संपायले येते तिथं एक गोष्ट हाये, ती मी फिल्ममधी कापली होती. काका बोलून थांबते, आणि काचेसमोर एक अंगठा वर येते. तो माहा हाये. काळजी नको, मस्त येऊन राह्यलं, असं मी त्यायले सांगत होतो.

त्याच्यानंतर काका मान इकडून तिकडून करून माह्या खांद्यावरून पाहायले लागले. आत्या म्हने, थांबव. मी थांबवलं. ती माह्याकडं वळली. मले वाटलं आता शिव्या देईन. ती म्हने, "लय मोठा सिनेमावाला तू." एवढंच. आणि बसच्या वेळेवर उठून गेली.

मूळ तुकडा, नवी कापी आणि पुरी डिस्क, सगळं या डब्यात बांधून पाठवून राह्यलो. धंद्याचा नियम गेला खड्ड्यात. माही नक्कल बी ठेवली नाही. मले पाहवत नाही.

माफी मागायची कशी हे मले येत नाही. तूच काय म्हनायचं ते म्हन.

खुशाल

•

नागपूर, १४ ऑक्टोबर

खुशालभाऊ,

डबा भेटला. मी पाह्यलं. करणच्या ऑफिसातल्यानं टीव्ही चोवीसवर करून देला आणि तो बाहेर जाऊन उभा राह्यला. आत्यानं वाचलं ते बरोबर हाये. एकदा समजलं की कोणालेबी वाचता येते.

तू विचारलं, काय म्हनायचं ते म्हन. आठ दिवस झाले, मी काय म्हनू हेच पाहून राह्यली. तुले येडा म्हनून झालं, आंधळा म्हनून झालं, त्याच्यानं माहं पोट भरत नाही. शिव्या लिहिलेले दोन कागद फाडले.

एक गोष्ट मी बी तुले खोटी सांगतली होती. पाठवणीले मान खाली होती म्हटलं, ती शेवटची. त्याच्याआधी मी एकदा वर पाह्यलं होतं, बाबा आले का म्हून. काचेतून तुही पाठ दिसली. स्टुडिओचं नाव छापेल टी-शर्ट होता तुहा. 'खुशाल डिजिटल, इचोडा', आणि खाली फोन नंबर. मी तो पुरा वाचला, त्याच्यापलीकडचं काई दिसलं नाही. मले वाटलं बाबा मंडपातच बसून राह्यले, बाहेर बी आले नाही. मंग मी मान खाली घातली आणि ड्रायव्हरले म्हटलं, चाल.

चंदा